पोटी कुणी न्हाय

सुगी संपली की कंग्राळीत हेळवी यायचा. बैलावर बसून, हातातली घंटा वाजवत. ज्याच्या दारात उभा राहील त्याचं घराणं खापरपणज्यापासून तोंडपाठ म्हणून दाखवायचं, मधल्या काळात जन्मलेल्यांची त्यात भर घालायची आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढच्या दाराला जायचं, हा त्याचा बापजाद्यांपासूनचा धंदा.

एरवी नागोजीची छाती ते ऐकून फुगायची. यंदा मात्र घंटा कानावर आल्यापासून त्याला घोंगडं घेऊन रानात पळावंसं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

प्लेगच्या आदल्या साली त्याची थोरली बायको नागूबाई बाळंत झाली आणि मूल मेलेलंच जन्मलं. ती तापात बेशुद्ध होती; जवळ सुईण आणि तिची सासू, दोघीच. सुईणीनं बांधून दिलेलं गाठोडं नागोजीनं ओढ्याकाठी पुरलं. पुढं तिला दिवस गेले नाहीत. दुसरं लग्न ठरवताना हिंडलग्याच्या सासऱ्यानं विचारलं, थोरलीला काही झालंय का? एकदा झालं असलं तर पुन्हाही होईल, मग माझ्या लेकीचं काय? नागोजीनं बेधडक सांगितलं, वांझ आहे. हेळव्यालाही तेच सांगितलं. तेव्हापासून दर खेपेला हेळवी भर अंगणात म्हणायचा, थोरली नागूबाई, पोटी कुणी न्हाय. धाकटी जयाबाई, पोटी परशराम. नागूबाई खाली मान घालून ऐकायची. तिला कुणी ओटी भरायला बोलावत नसे. परशरामाला तिनंच वाढवलं, पण त्याच्या हळदीला ती चुलीपाशी बसून राहिली. नागोजी हे सगळं बघत होता आणि बघून न बघितल्यासारखं करत होता.

आता म्हातारपणी तिनं परशरामाला चावडीवर पाठवलं. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी बघ म्हणाली, माझं एक असेल त्यात. त्यानं सगळं धुंडाळलं, काहीच निघालं नाही. निघणार कुठून? नागोजीनं वर्दीच दिली नव्हती. मग ती एवढंच म्हणाली, हेळवी येऊ दे.

आणि हेळवी आला. शेजारपाजार अंगणात जमला. नावं म्हणत म्हणत तो नागूबाईपाशी पोचला तशी ती उठली.

"थांब आण्णा. माझ्या पोटी एक झालतं. मेलेलं, पर झालतं. त्ये बी म्हण."

हेळव्यानं घंटा थांबवली. बारशाआधी गेलेलं मूल वंशात घ्यायची रीत नाही, असं तो चाचरत म्हणाला; घ्यायचंच तर घरधन्याच्या तोंडून आलं पाहिजे. सगळे नागोजीकडं बघू लागले. पिठाच्या हातानं जयाबाईही दारात येऊन उभी राहिली. नागोजीच्या कानशिलांपर्यंत शरम चढली.

"व्हय, झालतं," तो म्हणाला. "मीच पुरलं. खोटं बोललो मी."

जयाबाईनं पदर तोंडाला लावला. नागोजीला वाटलं, सुटलो एकदाचा. मनातल्या मनात त्यानं स्वतःची पाठसुद्धा थोपटली. माणसाची जात, दुसरं काय.

"मग पोरगा म्हणू का पोरगी, मालक?" हेळव्यानं विचारलं.

नागूबाई नवऱ्याकडं वळली. "सांगा की धनी. मला कुणी सांगितलंच न्हाय. सुईण मेली, सासू आत्याबाई बी गेल्या. आता तुमालाच ठावं."

वांझपणाचा डाग पुसायला ती उठलीच नव्हती, हे नागोजीला आत्ता कळलं. त्याला ते गाठोडं आठवलं. किती हलकं होतं. ओढ्याकाठी एकदा गाठीवर हात गेलाही होता, पण भीती वाटली, आणि बेळगावच्या बाजाराला गाडी जुंपायची घाई होती. आता पोरगा म्हटलं असतं तर ती सुखानं मेली असती. पोरगी म्हटलं असतं तरी. शब्द जिभेवर आला, पण ती अशी आशेनं बघत होती की त्याला खोटं बोलवेना.

"गाठ सोडलीच न्हाय मी," तो म्हणाला. "बघितलं न्हाय."

नागूबाई होती तिथंच खाली बसली. मग हेळव्यानं घंटा वाजवली आणि रीत बाजूला ठेवून म्हटलं, "थोरली नागूबाई, पोटी एक लेकरू. धाकटी जयाबाई, पोटी परशराम."

हेळव्याला जोंधळे घालायचा मान घरधन्याचा. नागोजीनं खाली मान घालून सूप उचललं. परशरामानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि थोरल्या आईच्या मांडीवर ठेवलं.