घरातला एकच जुलै

टेव्हियनने गाडी अंगणात घातली, तेव्हा रूफस गेंट्री ओसरीवर बसला होता. त्याची बायको व्हर्लीन मार्चमध्ये वारली. तेव्हापासून तो बहुतेक वेळ ओसरीवरच असायचा, कारण आत गेलं की घर फार मोठं वाटायचं.

"आजोबा, थोडे दिवस राहिलो तर चालेल?"

"थोडे म्हणजे किती? त्या हिशोबाने मासे आणतो."

"टीव्हीवर बघितलं असेलच तुम्ही."

"बघितलं. तुला हावरट म्हणत होते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, हात धू. जेवण गार होतंय."

टेव्हियन हा जेनेलचा, रूफसच्या लेकीचा मुलगा. वय सव्वीस. आजोबाचंच काम तो करत होता, अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकचं. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा आणि समोर दांडग्या माणसांची भिंत उभी असते तिच्यात शिरायचं. या कामात पाय लवकर जातात. क्लबवाले पोराला कॉलेजातून उचलतात आणि पहिली काही वर्षं स्वस्तात पळवून घेतात. मोठा करार मागायची वेळ येते तोवर तो सत्तावीसला टेकलेला असतो आणि दारात दुसरं ताजं पोर उभं असतं. टेव्हियनला यंदा क्लबने टॅग लावला होता. एका वर्षाचे ठरलेले पैसे घ्यायचे, दुसऱ्या क्लबकडे जायचं नाही, आणि पुढचं कसलं वचन मिळणार नाही. आकडा ऐकून गावातल्या लोकांचे डोळे फिरत होते. पण या वर्षात गुडघा गेला, तर तो आकडा पहिला आणि शेवटचा. मोठा करार करायची यंदाची शेवटची तारीख तर उलटूनच गेली होती. आता सही करून सरावाच्या कॅम्पला जायचं, नाहीतर घरी बसायचं.

"तुम्हीपण बसला होतात ना घरी?" जेवताना टेव्हियनने विचारलं. "आई सांगते, त्या उन्हाळ्यात घरात नुसती मजा होती."

"तुझी आई सहा वर्षांची होती. तिला मजाच दिसणार."

पण मजा होतीच. त्र्याऐंशीचा जुलै. रूफस आणि व्हर्लीन एकोणिसाव्या वर्षी लग्न करून बसले होते, आणि त्यानंतरचा प्रत्येक जुलै त्याचा कॅम्पमध्ये गेला होता. आपल्या परसात जुलैत अंजिरं पिकतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी व्हर्लीन मांडीवर परात घेऊन चवळीच्या जांभळ्या शेंगा सोलते, हेही नाही. त्याने वाढ मागितली, क्लबने नाही म्हटलं, तो घरी बसला. करार चालू होता, म्हणून रोजचा दंड लागत होता. व्हर्लीनने दंडाचा विषय एकदाही काढला नाही. शेंग कशी उघडायची ते तिने त्याला शिकवलं. त्याचे अंगठे जांभळे झाले, ते बघून ती म्हणाली, "चला, या हातांना एक तरी कामाची गोष्ट आली."

क्लबच्या मॅनेजरचा फोन आला की तीच घ्यायची. रूफस समोर टेबलाशी मक्याचा पाव खात असायचा.

"नाही हो, घरी नाही. मासे धरायला गेलाय."

"बाई, कालपण मासेच धरत होता."

"काल मिळाले नाहीत ना."

रूफसला घास गिळवेना. ती तोंडावर हात ठेवून उभी. रिसीव्हर ठेवला आणि दोघं इतकी हसली की जेनेल अंगणातून पळत आली, काय झालं म्हणून.

आजोबा सांगत होता आणि टेव्हियनही हसत होता. मग त्याने ताट बाजूला सारलं.

"मग मिळाली का वाढ?"

"नाही."

"अजिबात?"

"क्लबने एक नवा पोरगा आणला. सरावाच्या सामन्यात तो चांगला पळाला. पेपरात त्याचाच फोटो. मी परत गेलो, जुन्याच पगारावर. वजन वाढलेलं, पाय जड. पहिल्याच महिन्यात मांडीचा स्नायू ओढला गेला. दोन हंगामांत गुडघाही गेला."

टेव्हियन म्हणाला, "सरळ सांगा. जाऊ की थांबू?"

'थांब' हा शब्द रूफसच्या ओठांवर आला होता. आतल्या खोलीत त्याने नवी गादी आणून ठेवली होती. पोरगा येतोय हे कळल्यापासून त्याला रात्री झोप लागत होती. शब्द बाहेर पडायच्या आत त्याला कळलं, की तो शब्द या पोराच्या पगारासाठी नव्हताच, आपल्याच सोबतीसाठी होता.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी थांबच म्हणणार. तुझी आजी गेल्यापासून मी पोस्टमनलासुद्धा थांब म्हणतो."

टेव्हियनने त्याच्याकडे बघितलं. फोन घेऊन तो अंगणात गेला आणि आपल्या एजंटशी बोलत बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. आत आला तेव्हा चेहरा शांत होता.

"एकच मागणं केलंय. सही करतो, याच पैशांत खेळतो. फक्त पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावणार नाही एवढं लिहून द्या."

उत्तर चार वाजता आलं. नाही.

"मग मी इथेच," टेव्हियन म्हणाला. "सही नाही म्हणजे दंडही नाही. सामने सुरू झाले की पगार बुडेल, तो बुडू दे. त्यांचा नवा पोरगा किती पळतो ते बघू."

रूफस उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. त्याला आनंद झाला होता आणि तो पोराला दिसू नये असं वाटत होतं. पोरगा आपली सगळी कमाई पणाला लावतोय, आणि आपल्याला ताटाला सोबत मिळाली म्हणून बरं वाटतंय. व्हर्लीन असती तर पाठीत एक गुद्दा घातला असता. त्याने नळ बंद केला.

"बूट घाल," तो बाहेर येऊन म्हणाला.

"आत्ता? उन्हात?"

"मी त्र्याऐंशीत नुसता बसलो. तू बसायचं नाहीस."

नदीचा बांध घरापासून जवळ होता. उंच, गवताने माखलेला, चढताना दम काढणारा. रूफस पायथ्याशी ट्रकला टेकून उभा राहिला. टेव्हियन वर पळाला, खाली आला, पुन्हा वर. रूफस ओरडत होता, "गुडघा उचल! आजीबाईसारखा काय चढतोस!" पोराची धाव बघण्यासारखी होती. आज घरी जाऊन हे सांगायला कुणी नाही, हे त्याला मध्येच आठवलं.

टेव्हियन खाली येऊन ओणवा झाला, हात गुडघ्यांवर, नाकावरून घाम गळतोय.

"आज पुरे ना, आजोबा?"

"तुझा पगार त्यांनी ठरवला. पुरे केव्हा, ते मी ठरवणार. चल, वर."

टेव्हियनने तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. ती रूफसला स्वच्छ ऐकू आली. मग तो वळला आणि पुन्हा बांध चढायला लागला.