पडद्यावर दोन

बर्फ मोजणारं यंत्र वर खिंडीत, आम्ही खाली नारिन शहराजवळच्या चौकीत. यंत्र आकडा धाडतं तो आमच्या रीतीने: पूर्ण मीटर, मग स्वल्पविराम, मग उरलेलं. इथे शाळेत असंच शिकवतात. पण तो वाचणारा प्रोग्राम इंग्रजीवाल्यांचा. त्यांना तिथे टिंब लागतं. स्वल्पविराम दिसला की तो पुढचं सगळं फेकून देतो. अडीच मीटर बर्फ साचलं तरी पडद्यावर दोन. आणि हिमकडा कोसळण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो सव्वादोन मीटरला.

ही चूक पकडली चौकीत माझ्यासोबत काम करणाऱ्या बुरुलचाने. पोरगी कॉलेजची पायरी चढलेली नाही, जुन्या रशियन पुस्तकांवर शिकली. तिने आमच्या संगणकावर दुरुस्ती केली; पण राजधानीहून नवी आवृत्ती आपोआप उतरली की ती पुसली जायची. दुरुस्ती मुळातच व्हायला हवी होती. म्हणजे त्या परक्यांना लिहायचं. इंग्रजीत.

तिने दोन ओळी लिहून मला दाखवल्या.

"हे काय?" मी म्हणालो. "परक्याच्या दारात जायचं आणि सलाम नाही, खुशाली नाही, थेट त्याची चूक काढायची? हेच शिकवलं आईने?"

"आके, तिकडे असंच चालतं म्हणे." आके म्हणजे थोरला भाऊ; ती मला तसंच म्हणते.

"माणसंच ना ती? लिही मुकाट्याने."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. तब्येत बरी ना, मुलंबाळं सुखरूप ना, हिवाळा जड जात नाही ना, जनावरं धडधाकट ना. शेवटी स्वल्पविरामाचं. मशीनकडून भाषांतर करून धाडलं.

दोन दिवसांनी उत्तर. असंबद्ध मजकूर, ठरलेल्या नमुन्यात लिहा, तक्रार बंद. नमुन्यात अकरा प्रश्न, तिला कळले चार. भरून धाडला. काय म्हणायचंय ते कळत नाही, बंद. तिसऱ्यांदा धाडलं तर तिचं खातंच गोठवलं, फुकट्या जाहिरातवाल्यांचं गोठवतात तसं. भाषा यांच्या बापाची, नियम यांच्या बापाचे, मरायला आम्ही.

बुरुलचाच्या मामाचं नाव कालमुरात; तो खिंडीच्या उताराखालीच मेंढ्या घेऊन हिवाळा काढायचा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तो वायरलेसवर आला. बुरुलचा सुट्टीवर होती.

"काय चौकीवाल्या, जिवंत आहेस की चहा पिऊन फुगलास?"

"फुगलोय. तुझ्या मेंढ्या?"

"मजेत. त्यांना तुझं थोबाड बघावं लागत नाही. ऐक, बर्फ थांबत नाहीये. खाली येऊ का?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"दोनच आहे रे. बस निवांत."

पहाटेच नवी आवृत्ती उतरली होती. मला काय ठाऊक! खिंडीत दोन मीटर साठ होतं. दुपारी अख्खा उतार सुटला. भोंगा गप्प. कालमुरात चौथ्या दिवशी सापडला, वायरलेस हातातच.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि बुरुलचा माझ्यासमोर येऊन बसली. कुणा इंग्रज माणसाने तीच चूक कळवली होती. एका दिवसात दुरुस्त झाली. वर त्याचे आभार मानले होते. तिने मला ते वाचून दाखवलं. कुणाची तब्येत नाही, जनावरं नाहीत. दोन ओळी.

"आके," ती म्हणाली, "माझ्याही दोनच होत्या."