चौकातून बाहेर पडायचं कसं?

जहाजावरचा आचारी वर्ष उलटत आलं तेव्हा घरी परतला, आणि दोन-तीन दिवसांतच त्याच्या बायकोला वाटायला लागलं, हा समुद्रातच बरा होता!

बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. वर्षभर तिनं एकटीनं आईचं आजारपण काढलं, गळकी न्हाणी दुरुस्त करून घेतली, लेकीचं गणित आणि स्वतःची अर्धशिशी सांभाळली. कुणापुढे रडगाणं गायलं नाही. आणि हा बाबा आला तो थेट ओट्याशी. सगळे डबे उंचीप्रमाणे लावून मोकळा!

"मीठ कुठंय?" तिनं विचारलं.

"जिथं असायला हवं तिथं."

"कुणाच्या मते? हे घर आहे, जहाज नाही!"

अशी ठिणगी उडाली की लेक, भिंगरी, पाहुण्याशी बोलावं तसं म्हणायची, "बाबा, तुम्ही पाणी घेणार का?" एके काळी बापाच्या पाठीवर बसून त्याला अरे-तुरे करणारी पोर! त्या 'तुम्ही'नं आचाऱ्याचा चेहरा पडायचा, आणि ते मास्तरीणबाईला बघवायचं नाही.

रविवारी तिनं फर्मान काढलं, "चल, तुला गाडी शिकवते. घरात बसलो तर एकमेकांच्या झिंज्या उपटू."

भिंगरी मागच्या सीटवर बसली. शिकवणीच्या गाडीत मास्तरीणबाईच्या पायाशी जादा ब्रेक होता, त्यामुळे ती निर्धास्त होती. पण आचारी गोल चौकात शिरला आणि अडकला. बाहेरचा रस्ता आला की त्याचा धीर सुटायचा, आणि गाडी पुन्हा गोल!

"अरे, वळव!"

"तो ट्रकवाला बघतोय माझ्याकडे!"

"बघू दे! तुला काय त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

पुढच्या फेरीला कोपऱ्यावरच्या फुलवालीनं हात हलवला. आचाऱ्यानं घाबरत घाबरत मान लववून तिला नमस्कार केला. झालं! मास्तरीणबाईची हसून हसून मुरकुंडी वळली, पाय ब्रेक सोडून भलतीकडेच. मागून भिंगरी किंचाळली, "अरे बाबा, आत्ता! आत्ता वळ ना रे!"

आणि तो वळला. गाडी एका बंद दुकानासमोर आचके देत थांबली. तिघंही खिदळत होती. हसता हसता मास्तरीणबाईला रडू कधी फुटलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"दमले रे मी," ती म्हणाली. "फोनवर सांगणार काय? तूच थकलेला असायचास."

"मला वाटलं, तुला माझी गरजच उरली नाही," तो म्हणाला. "म्हणून डबे लावत बसलो."

"तुमचं झालं असेल तर मला भूक लागलीय," मागून आवाज आला.

भांडणं पुढेही झाली, पण मनातलं मनात ठेवून नाही, चांगली खणखणीत. सुट्टी संपता संपता आचारी परवान्याच्या परीक्षेला बसला आणि सपशेल आपटला. नापास झालेल्या विद्यार्थ्याला मास्तरीणबाईनं भर रस्त्यात मिठी मारली. तशी वेळ तिच्यावर पूर्वी कधी आली नव्हती.