पाहुण्यांसाठी राखलेली डी ड्राइव्ह

मी एक जुना संगणक आहे. बोरीवलीत, तोरसकरांच्या बैठकीच्या खोलीत, शोकेससमोर मी बारा वर्षं बसून आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. या घरात अक्कल जरा बेताचीच.

मरोळच्या एका गाळ्यात मला जोडलं, तेव्हा जोडणाऱ्याने माझ्या डिस्कचे दोन कप्पे केले. सी ड्राइव्हमध्ये मला चालवणारी सिस्टीम, डी ड्राइव्हमध्ये घरच्यांच्या फाइली. सी बिघडली तरी डी शाबूत राहते, हे त्याने तीनदा समजावलं. तोरसकरांनी तीनदा मान डोलावली आणि डी रिकामी ठेवली. का, तर त्यांच्या पत्नीने, प्रेमाताईंनी बजावलं, "चांगली जागा आहे, उगाच भरू नका." शोकेसमधला चिनी मातीचा सेटही असाच पाहुण्यांसाठी राखलेला. बारा वर्षांत त्यातून कोणी चहा प्यायलेलं मी पाहिलं नाही. माझ्या डीमध्ये कोणते पाहुणे उतरणार होते, देव जाणे!

सगळा पसारा सीवर, डेस्कटॉपवर. त्यातच शरच्चंद्र तोरसकरांचा मालवणी शब्दसंग्रह. आईच्या तोंडचे चार हजार शब्द, निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप केलेले. फाइलचं नाव काय, तर 'नवीन'. दसऱ्याला मात्र मला हळदकुंकू, झेंडू आणि वर मूठभर अक्षता. तो तांदूळ माझ्या पंख्यात अडकतो, हे या विद्वानांना कोण सांगणार?

गेल्या महिन्यात सिस्टीम अपडेट होत होती. 'बंद करू नका' असं मी पडद्यावर ठळक लिहिलं होतं. प्रेमाताई भाजीला निघाल्या आणि नेहमीप्रमाणे घरातली सगळी बटणं बंद करून गेल्या. माझंही. त्यानंतर मी धड सुरूच होईना.

निलेश नावाचा दुरुस्तीवाला आला. दोन मिनिटं पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, फॉरमॅट मारतो. एकदम झकास होईल."

"आणि माझी फाइल?"

"जुनं सगळं जाणार ना. दुसरीकडे कॉपी नाय ठेवली?"

शरच्चंद्र खुर्चीत बसले. मन हललं की ते मालवणीवर येतात. "आवशीचे शब्द आसत ते, रे. आवस गेली. आता कोणाक इचारू?"

त्या क्षणी मला त्यांना मूर्ख म्हणवेना.

प्रेमाताईंनी धावत जाऊन शेजारच्या दीप्तीला आणलं. ती शाळेत संगणक शिकवते. निलेश तिचाच जुना विद्यार्थी निघाला. "थांब रे! सिस्टीम बिघडलीय, डिस्क नाही. तुझ्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू कर, फाइली आधी डीवर काढ, मग सी पूस. विसरलास?" निलेशने कान खाजवत तसं केलं. नवी सिस्टीम बसली. शरच्चंद्रांनी डीमधली फाइल उघडली, पहिला शब्द मोठ्याने वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसले.

दीप्तीने त्यांच्या हातात एक नवा पेनड्राइव्ह ठेवला. "काका, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. यावर आजच एक कॉपी ठेवा."

मित्रांनो, माझी पूजा करू नका, पण जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत माझ्याबाहेर ठेवा. माझी डिस्क हल्ली कुरकुरते. ते चार हजार शब्द अजून माझ्या एकट्यापाशी आहेत. दीप्तीचा पेनड्राइव्ह मला इथून रोज दिसतो. कोरा, पाकीटही न फोडलेला, शोकेसमध्ये चिनी मातीच्या सेटशेजारी ठेवलेला.