रिलेचा टक आवाज

मुलगी संध्याकाळी तान्ह्या बाळाला घेऊन स्टेशनवर उतरणार होती आणि इकडे आजोबांनी सकाळपासून गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं होतं. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. सिग्नलला थांबलं की इंजिन तापायचं आणि काटा लाल रेघेला टेकायचा.

मुलीने फोनवर बजावलं होतं, "गाडी धड नसेल तर मी टॅक्सी करीन. बाळाला घेऊन रस्त्यात उभी राहणार नाही." तिचं चुकत नव्हतं, पण आजोबांना ते लागलं होतं. याच गाडीतून त्यांनी तिला जन्मल्यावर घरी आणलं होतं, एवढीशी, टॉवेलात गुंडाळून. नात परक्या गाडीतून यावी, हे त्यांना सोसणार नव्हतं.

"पंख्याला वीज सोडणारा रिलेच गेलाय," ते म्हणाले. "मोटर थेट बॅटरीवर लावली की गरगर फिरते. फ्यूजही शाबूत आहे."

आजी पायरीवर मटार सोलत होती. "कालच नवा रिले आणलात ना?"

"तोही फुसका. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला."

त्यांनी गाडीची किल्ली फिरवून ठेवली, रेडिएटर तापला की पंखा लावणाऱ्या स्विचचा प्लग काढला आणि वायरच्या तुकड्याने त्याची दोन टोकं जोडली. मग रिलेच्या काळ्या डबीपाशी कान नेला. "बघ. रिले चालला तर टक वाजतो. हा मेलाय."

आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. टक तिला इथवर ऐकू आला होता.

हाच माणूस एकेकाळी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचा, गल्लीतून गेली त्या स्कूटरची चेन ढिली आहे म्हणून. जिन्यावरच्या तिच्या पावलांवरून पिशवी जड आहे हे ओळखायचा आणि अर्ध्या वाटेत घ्यायला यायचा. हल्ली मात्र बातम्या देणारे सगळेच तोंडातल्या तोंडात बोलू लागले होते, आणि मुलीचा फोन आला की "तूच बोल" म्हणून तो तिच्या हातात यायचा. तिला कळत होतं. पण तो विषय तिने कधी काढला नव्हता.

आज गप्प बसलं तर टॅक्सी येणार होती. तिने ताट खाली ठेवलं.

"अहो, पुन्हा एकदा जोडा बरं."

"कशाला?"

"जोडा म्हणते ना."

त्यांनी जोडलं.

"वाजला," ती हळूच म्हणाली.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता त्यांनी वायर सोडली, जोडली, पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. जोडली की ती मान हलवायची.

"कालही वाजत होता? जुना?"

"हो. मला वाटलं, तुमची पक्कड लागतेय कुठेतरी."

ते मडगार्डला टेकले. "म्हणजे तो बिचारा दुकानदार..."

"त्याला दिलेल्या शिव्या मागाहून परत घ्या. आधी पंखा बघा."

रिले चालू, मोटरही चालू, म्हणजे दोष मधल्या जोडात. मोटर तपासताना दर वेळी त्यांनी तिचा प्लग उपसून बाजूला टाकला होता, आत डोकावून पाहिलं मात्र नव्हतं. आतली एक पिन जळून काळी पडली होती. त्यांनी ती पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, प्लग घट्ट बसवला आणि वायर जोडली. पंखा घरघरला. आजोबांच्या शर्टाची टोकं फडफडू लागली, तेव्हा त्यांना कळलं.

स्टेशनला निघताना ते म्हणाले, "कानाचं मीच सांगेन तिला. पण वाटेत पंखा लागला की मला कळायला हवं."

"कळवीन."

परतताना मोठ्या सिग्नलला गाडी थांबली. काटा हळूहळू चढू लागला, तशी आजोबांची गिअरवरची मूठ आवळली. पुढे घरघर सुरू झाली आणि आजीने त्यांच्या मुठीवर हात ठेवला. मूठ सैल झाली.

"हे काय, भर रस्त्यात बाबांचा हात धरून बसलीस?" मागून मुलगी हसली.

"तू बाळाकडे बघ," आजी म्हणाली.

थोड्या वेळाने पंखा थांबला. तिने हात काढला नाही.