कापसाच्या खोलीतला पाणबुडीवाला

सहदेवला तीन मुलींनी नकार दिला होता. आमच्या उंद्रीतली पोरं शेती करतात म्हणून बिनलग्नाची. हा नौदलात असूनही बिनलग्नाचा, कारण पाणबुडीत. चौथी मुलगी डिंपल, देऊळघाटची. मावसभाऊ म्हणून मीही पोहे खायला गेलो.

मुलीच्या वडिलांच्या, शेषरावांच्या, घरात बसायला जागा नव्हती. बोंडअळीतून वाचलेला सगळा बीटी कापूस भाव चढायची वाट पाहत खिडकीपर्यंत भरलेला. आम्ही त्यातच रुतून बसलो.

"पाव्हणे, पाणबुडीले खिडकी असते का?" शेषरावांनी विचारलं.

"नाई."

"मंग रस्ता कसा दिसते?"

"दिसत नाई. आयकू येते. मायं कामच थे हाय. कानाले हेडफोन लावून समुद्र आयकाचा."

"नुसतं आयकाचा पगार भेटते? अन् बाया असतात का आतमंधी?"

"आमच्या पाणबुडीत नाईत."

"मंग स्वैपाक?"

"माणसंच करतात."

समुद्राच्या खोलीपेक्षा शेषरावांना या उत्तराचा जास्त धक्का बसला. त्यावर ते बराच वेळ बोलत राहिले.

सहदेवनं अचानक हात वर केला. "एक मिनिट. कोणी बोलू नका."

शेषराव गप्प झाले. असं या घरात पूर्वी घडलं नसावं, कारण त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, चहाचा ट्रे हवेतच धरून ठेवला. कापूस आवाज गिळतो. खोली हळूहळू खाली बुडतेय असं वाटलं. मला फक्त माझ्या घशातले पोहे ऐकू येत होते. सहदेवनं डोळे मिटलेले. विटीदांडूत कायम माझ्याकडून हरलेला हा माणूस. पण तेव्हा त्याला अहो-जाहो करावंसं वाटलं.

"डाव्या अंगाले," तो हळूच म्हणाला. "खाली, भिंतीपाशी. तीन हायेत. एक जरा अशक्त हाय."

कोपऱ्यात बसलेली डिंपल उठली. कापसात खांद्यापर्यंत हात घातला, चाचपडली, आणि मुठीएवढं मांजराचं पिल्लू बाहेर काढलं. मग दुसरं. मग तिसरं, ते खरंच अशक्त होतं. घरातले सगळे त्याच कापसावर रोज झोपत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

तिनं पहिल्यांदाच सहदेवकडे नीट पाहिलं.

"पाण्याखाली माया फोन लागन का?"

मी त्याला कोपरानं ढोसलं. हो म्हणायला काय जातं?

"नाई," तो म्हणाला.

तिनं तिन्ही पिल्लं मांडीवर घेतली. "बरं. मंग वर आले की मायं सगळं आयकून घेजा."

"म्हंजे काय ठरलं?" शेषराव ओरडले.

"श्श, बाबा," डिंपल म्हणाली. "पिल्लं झोपली."