थोरल्या जाऊबाईंची शिकवणी

दोघी सख्ख्या जावा, एकाच शाळेत विज्ञान शिकवायच्या. घरही एकच; थोरली खाली, धाकटी वर. थोरलीची संध्याकाळी घरीच शिकवणी चाले. धाकटी मात्र वर्गातच इतकं सोपं करून सांगायची, की तिचे विद्यार्थी शिकवणीकडे फिरकेनासे झाले. थोरलीनं मुख्याध्यापकांचे कान भरले, आणि नव्या वर्षी धाकटीची रवानगी ग्रंथालयात झाली.

"तुम्हाला वर्ग आवरत नाही, असं तुमच्या घरचंच माणूस सांगतंय," मुख्याध्यापक म्हणाले. "मी काय करणार?"

त्या दिवशी जिन्यात थोरली म्हणाली, "बरं झालं गं. दगदग वाचली तुझी."

"हो ना, ताई," एवढंच म्हणून धाकटी वर गेली आणि तिनं भांडी अशी आदळली, की नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

बरेच दिवस ती नुसती धुमसत होती. मग तिच्या लक्षात आलं, की थोरली शिकवणीत नवा धडा दर सोमवारी काढते. तिनं शुक्रवार धरला. येणाऱ्या धड्याचं सोप्या भाषेतलं टिपण, सोडवलेली जुनी प्रश्नपत्रिका, वाचनाच्या टेबलावरच केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ, सगळं ती मुलांच्या मोबाइलवर पाठवू लागली. त्या धड्याला लागणारी पुस्तकं दाराशीच मांडून ठेवायची. अडलेल्या मुलाला जवळ बसवून समजावायची. मुलांना वाटे, बाई किती मायाळू. माया होतीच, पण प्रत्येक टिपण लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर थोरलीचा चेहरा असे.

संध्याकाळी घराच्या फाटकाशी लागणाऱ्या सायकली कमी होत गेल्या. वरच्या गॅलरीतून धाकटी ते रोज पाहायची, चहा निवेपर्यंत.

सहामाही परीक्षेच्या तोंडावर थोरली ग्रंथालयात आली. खुर्ची पुढं केली तरी बसली नाही.

"तू हे मुद्दाम करतेयस."

"हो," धाकटी म्हणाली.

थोरलीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिचा आवाज उतरला. "परीक्षेपर्यंत तरी थांब. घरातल्या घरात असं बरं दिसतं का?"

"घरातल्या घरात तुम्ही काय केलंत, ताई? आता मुलं वाट बघतात. मी कशी थांबू?"

निकाल चांगला लागला. मुख्याध्यापकांनी धाकटीला बोलावून वर्ग परत देऊ केला. तिनं नको म्हटलं.

"एका वर्गात मूठभर मुलं, सर. ग्रंथालयातून सगळी शाळा हाताशी येते."

वर्ष सरताना थोरलीनं शिकवणी बंद केली. बाकं विकायला काढली, तेव्हा धाकटीनंच ती शाळेमार्फत ग्रंथालयासाठी घेतली. हमाल ती उचलून नेत असताना थोरली दारात उभी होती. आपल्याला वाईट वाटेल, निदान थोडं तरी, अशी धाकटीची समजूत होती. तसं काही झालं नाही. धाकटीनं हमालांना सांगितलं, "जपून हं, पाय मोडायला नकोत," आणि त्यांच्या मागोमाग शाळेकडे निघाली.